कुणाच्या हातची कमाई?

२०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला. माढा, मोहोळ, करमाळ्याकडची गावं पाण्यात गेली, लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद पडला. आमच्या बार्शी तालुक्यातही काढणीला आलेलं सोयाबीन शेतातच कुजलं. त्या जुम्याला वैरागच्या मशिदीच्या ओट्यावर जी चर्चा झाली, ती संध्याकाळपर्यंत आमच्या घरात पोचली. एक जण म्हणाले, हा अजाब आहे, आपल्या गुनाहांची शिक्षा. एका तरुणानं सांगितलं, हा कोळशाच्या आणि गाड्यांच्या धुराचा परिणाम. एका बुजुर्गांनी दोघांनाही गप्प केलं. "पाऊस अल्लाहच्या हातात. माणसाची काय बिशाद? बहात्तरच्या दुष्काळात कुठं होता तुमचा धूर?"

सोमवारी वर्गात एक मुलगी उभी राहिली. तिचे मामू सीनाकाठचे. "टीचर, मामूंच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. त्यांनी काय गुनाह केला होता?"

आम्हाला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे तेच उशिराचं उत्तर समजा.

बुजुर्गांपासून सुरुवात करू, कारण त्यांचं म्हणणं पोकळ नाही. १३९६ च्या सुमारास दख्खनमध्ये दुर्गादेवीचा दुष्काळ पडला, तेव्हा जगात एकही इंजिन नव्हतं. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानं सोलापूर जिल्हा होरपळला, बहात्तरची खडी फोडलेले हात तर आजही गावात आहेत. प्रशांत महासागराचं पाणी काही वर्षांनी तापतं, त्याला एल निनो म्हणतात. १८७७ आणि १९७२ ही दोन्ही एल निनोचीच वर्षं. हा कुदरतीचा हेलकावा, माणसाचा त्यात हात नव्हता. पण साप चावूनही माणूस मरतो, म्हणून विष पाजणारा निर्दोष सुटत नाही. जुन्या काळी निसर्गानं केलं, एवढ्यावरून आज माणूस करत नाही असं ठरत नाही.

"माणसाची काय बिशाद" याबद्दल एक आठवण देतो. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या हवामान संशोधन संस्थेची विमानं आपल्याच सोलापूरच्या आभाळात ढगांमध्ये मिठासारखे कण सोडत होती. त्या प्रयोगात काही भागात पाऊस सुमारे १८ टक्क्यांनी वाढल्याचं शास्त्रज्ञांनी पुढं मांडलं. ढग मात्र आधी असावा लागतो, तो विमानाला आणता येत नाही. म्हणजे कायदा अल्लाहचा, पण त्या कायद्याच्या आत माणसाच्या हाताला जोर आहे.

आमच्या मते या वादातला निम्मा गोंधळ शब्दाचा आहे. उर्दूत दोन शब्द आहेत, मौसम आणि आबोहवा. मौसम आजचा-उद्याचा, आबोहवा पिढीची. मराठीत आपण दोन्हींना 'हवामान' म्हणतो, आणि मग थंडी पडली की कुणी तरी विचारतो, कुठं गेलं तुमचं तापमान? शास्त्रज्ञ आबोहवा मोजताना तीस-तीस वर्षांची सरासरी धरतात. आपले शेतकरीही एका पावसावर बोलत नाहीत. आपल्या चांद्र महिन्यांचं ऋतूशी नातं नाही, रमजान कधी उन्हाळ्यात तर कधी थंडीत येतो. म्हणून वैरागचा मुसलमान शेतकरीसुद्धा पेरणीला मृग आणि हस्तच मोजत आला. रब्बीच्या ज्वारीचा भरवसा त्या परतीच्या पावसावर. आता त्याचा हिशेब बसेना झालाय. २०२५ मध्ये मान्सून मे महिन्यातच महाराष्ट्रात आला.

आता आबोहवा माणसामुळं बदलतेय हे कशावरून? कारखाने येण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड २८० भाग होता, आज ४२० च्या वर आहे. हा वायू वाकळेसारखं काम करतो, जमिनीची ऊब अडवतो. सूर्य तापला असता तर वरची हवाही तापली असती. मोजणीत उलट दिसतं. खालची हवा तापतेय, फार वरची गार होतेय. वाकळ जाड झाली की आत ऊब वाढते आणि बाहेर कमी पोचते, तसंच. शिवाय सूर्याचा जोर १९७८ पासून उपग्रह मोजत आहेत, त्यात वाढ नाही. आणि हा जादा कार्बन कोळशा-तेलाचाच हे ओळखताही येतं. कोट्यवधी वर्षं पुरलेल्या कोळशात एका विशिष्ट जातीचा कार्बन उरलेला नसतो. हान्स स्यूस यांनी १९५५ मध्ये झाडांच्या लाकडातून दाखवलं, की तो हवेतही विरळ होत चाललाय. चोराच्या पायाचा ठसाच म्हणा. संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रज्ञ-मंडळानं २०२१ मध्ये यात शंका उरली नाही असं लिहिलं.

हवा एक अंश तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते. ढगाची घागर मोठी झाली, ती एकदम उपडी होते. सीनेच्या त्या एका पुराचं सगळं खापर मात्र आम्ही यावर फोडणार नाही. वरच्या धरणांतून सोडलेलं पाणी आणि बुजवलेले ओढे, यांचाही त्यात वाटा.

आता अजाबवाल्यांकडं. सूरह रूमची एकेचाळिसावी आयत जमीन आणि समुद्रातल्या बिघाडाचं नातं माणसांच्या हातच्या कमाईशी जोडते. ती ऐकवताना आपण बहुतेक वेळा नमाज, पोशाख, मोबाइल यांवर थांबतो. पण हात कुणाचे, हे विचारायला नको? कारखाने सुरू झाल्यापासून आजवर जगानं सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळपास एक चतुर्थांश एकट्या अमेरिकेचा. भारतीय माणसाच्या नावावर वर्षाला सरासरी दोन टन, अमेरिकनाच्या नावावर त्याच्या सातपट. त्या मुलीच्या मामूंकडं दोन म्हशी आणि एक जुनी मोटारसायकल. बुडालेल्यालाच गुनाहगार ठरवणं हा आमच्या मते जुलूम आहे.

आपण सगळे सुटलो असंही नाही. दक्षिण सोलापुरात १३२० मेगावॅटचं वीज केंद्र कोळसा जाळतं आणि उजनीचं पाणी पितं. तरावीहला डोक्यावर पंखा फिरतो तो अशाच विजेवर. (सामूहिक इफ्तारनंतर गटारात जाणाऱ्या प्लास्टिकच्या ग्लासांवर पुन्हा कधी तरी.) तौबा करायची तर गुनाहाचं नाव घ्यावं लागतं, मोघम तौबा आपल्यालाही सोयीची असते.

मुलीला आम्ही सांगितलं, तुझ्या मामूंनी काही केलं नव्हतं. तिनं थोडा विचार केला. "मग ज्यांनी केलं, ते भरून देणार का?" नुकसान करणाऱ्यानं भरपाई द्यायची ही आपल्या फिकहमधली जुनी गोष्ट. २०२२ मध्ये इजिप्तच्या शर्म अल-शेखमधल्या परिषदेत हवामानामुळं नुकसान सोसणाऱ्या गरीब देशांसाठी एक निधी काढायचं ठरलं, पुढच्या वर्षी दुबईत तो सुरू झाला. त्यात आलेला पैसा गरजेच्या मानानं फार थोडा आहे, हेही आम्ही तिला सांगितलं. तिनं शर्म अल-शेखचं स्पेलिंग विचारून वहीत लिहून घेतलं. मामूंना दाखवायचं होतं.