दोघांचे झाले चौघे

आमच्या ऑफिसात मकरंद नावाचा कोणी माणूस काम करत नाही. खोटं वाटत असेल तर रिसेप्शनला फोन करून विचारा. समोरून उत्तर येईल, "सॉरी, राँग नंबर." पण 'मॅक' विचारा, लगेच जोडून देतील. मॅकला सगळे ओळखतात. मॅक कॉफी ब्लॅक पितो, मेलच्या शेवटी 'चिअर्स' लिहितो आणि मीटिंगमध्ये 'लेट्स टेक इट ऑफलाइन' म्हणतो. एकदम सॉर्टेड माणूस.

हा मॅक जन्माला आला माझ्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात. परदेशातल्या क्लायंटने कॉलवर तीनदा प्रयत्न केला. आधी 'मॅकरँड', मग 'माकारांडा', मग नुसताच एक खोकला. चौथ्यांदा त्याने बिचाऱ्याने विचारलं, मॅक म्हटलं तर चालेल का? चालेल की! त्याचीही सोय, माझीही सोय. टोपणनाव तर आहे, त्यात काय एवढं?

त्यात काय एवढं, हे मला कळलं ते एका व्हिडिओ गेममुळे. हसू नका, सांगतो.

मंडळी, 'कॉन्ट्रा' आठवतो का? न आठवणाऱ्यांनी हे पान उलटलं तरी चालेल, पण मग तुम्ही बालपणी नक्की केलं काय? साताऱ्यात आमच्या घरी २००१ च्या मे महिन्याच्या सुट्टीत व्हिडिओ गेम आला. पिवळी कॅसेट, तिच्यावर '९९९९९९ इन १' असा बिनधास्त खोटा दावा, आणि आत खरे गेम मोजून पंधरा. त्यातला पहिला कॉन्ट्रा. कॅसेटमध्ये फुंकर मारायची, खाचेत दाबायची, आणि सुरू. उघडे पैलवान दोन. एकाची पँट निळी, एकाची लाल. पहिला रिमोट दादाकडे, म्हणून दादा निळा. मी धाकटा, म्हणून दुसरा रिमोट आणि लाल पँट. धाकट्यांच्या नशिबात दुसरं काय असतं?

या दोघांना नावं असतील हे आमच्या डोक्यातही आलं नाही. कॅसेटबरोबर माहितीपुस्तिका वगैरे लाड नव्हते. गल्लीतली काही पोरं एकाला अरनॉल्ड आणि दुसऱ्याला रॅम्बो म्हणायची. आमच्या घरात मात्र ते 'दादा' आणि 'मक्या' होते. हो, घरी मी मक्या. "मक्या, एस घे, एस!" म्हणजे ती पंख्यासारख्या गोळ्या सोडणारी बंदूक घे. आणि तिसऱ्या लेव्हलला, धबधब्यावर, "मक्या, ये वर!"

धबधब्याची ती लेव्हल आठवा. दोघांनी दगडांवरून उड्या मारत वर चढायचं. एक जण भराभर वर गेला की स्क्रीन त्याच्याबरोबर वर सरकते आणि खाली राहिलेला फुकटचा मरतो. शत्रूची गोळीसुद्धा लागत नाही, नुसता मागे राहिला म्हणून लाइफ गेली. पहिले चार-पाच दिवस दादाने मला असं सॉलिड मारलं. मी रडलो. मग तो एका दगडावर थांबायला शिकला. समोरून गोळ्या येतायत, हा जागच्या जागी उड्या मारत वाट बघतोय आणि ओरडतोय, "मक्या, ये वर!"

मोठेपणी, एकदा ऑफिसात काम नसताना, म्हणजे मॅकला काम नसताना, मी या दोघांची खरी नावं शोधायला बसलो. आणि जो काही घोळ सापडला, बॉस!

जपानच्या कोनामी कंपनीने १९८७ मध्ये कॉन्ट्रा पार्लरच्या मशीनवर आणला आणि १९८८ मध्ये घरच्या टीव्हीवर. जपानी कथेप्रमाणे साल २६३३, जागा न्यूझीलंडजवळची गालुगा बेटं, आणि आपले हीरो बिल रायझर आणि लान्स बीन. ही नावंही गंमतशीर. 'एलियन्स' हा १९८६ चा सिनेमा पाहिला असेल तर त्यातले नट आठवा: बिल पॅक्स्टन, पॉल रायझर, लान्स हेन्रिक्सन, मायकेल बीन. चौघांची नावं मिक्सरमधून काढा, दोन सैनिक तयार!

पण अमेरिकेत हा गेम विकताना तिथल्या पुस्तिकेत कथाच बदलली. भविष्यकाळ गेला, गालुगा गेलं, दक्षिण अमेरिकेचं जंगल आलं. आणि हीरो झाले 'मॅड डॉग' आणि 'स्कॉर्पियन'. युरोपात तर आणखी कहर. तिथे १९९० मध्ये गेमचं नावच 'प्रोबोटेक्टर' ठेवलं आणि माणसांच्या जागी रोबो उभे केले. जर्मनीत हिंसक गेमबद्दलचे नियम कडक, माणसाने माणूस मारलेला चालत नव्हता. यंत्राने यंत्र मारलेलं चालत होतं. त्यांची नावं आरडी००८ आणि आरसी०११. ही नावं वाचून मला आमच्या एचआरने दिलेला एम्प्लॉयी कोड आठवला.

१९९२ मध्ये तिसरा भाग आला. जपानमध्ये हीरो तेच, बिल आणि लान्स. अमेरिकेत मात्र नवीन जोडी जाहीर झाली, जिंबो आणि सली. पडद्यावर माणसं तीच, उड्या त्याच, फक्त पुस्तिकेतली नावं वेगळी. हे बदलणाऱ्यांचा हेतू काही वाईट नव्हता हो. आपल्या गिऱ्हाइकाला आवडेल, जिभेवर बसेल असं काहीतरी त्यांनी ठेवलं. सोय बघितली. हा गेम आणखी तीस-पस्तीस वर्षं चालेल आणि कोणीतरी हिशोब मागेल असं तेव्हा कोणाला वाटलं असणार?

असली सोय दुसरीकडेही झालीय. 'स्ट्रीट फायटर २' मधला बॉक्सर जपानमध्ये एम. बायसन होता. हे नाव माइक टायसनच्या फारच जवळचं. कोर्टकचेरी नको म्हणून १९९१ मध्ये बाहेरच्या देशांसाठी तीन खलनायकांची नावं आपापसात फिरवली. बॉक्सर झाला बालरॉग, पंजेवाला स्पॅनिश झाला वेगा आणि टोपीवाला मुख्य खलनायक झाला बायसन. आजही वेगवेगळ्या देशांतले खेळाडू एकत्र जमले की गोंधळ नको म्हणून सरळ बॉक्सर, क्लॉ आणि डिक्टेटर म्हणतात. म्हणजे शेवटी आमच्या 'निळा' आणि 'लाल' सारखंच!

पण कॉन्ट्राची गोष्ट इथे थांबत नाही. २००२ मध्ये प्लेस्टेशन २ वर 'शॅटर्ड सोल्जर' आला. नावं सगळीकडे पुन्हा बिल आणि लान्स. आणि त्यात शत्रूच्या टोळीचा म्होरक्या कोण निघतो? लान्स! लान्स म्हणजे दुसऱ्या रिमोटवाला. लाल पँट. म्हणजे मी! अख्खी सुट्टी इमानेइतबारे लढलो आणि वर गद्दारीचा शिक्का. लगेच दादाला मेसेज टाकला. त्याचं उत्तर आलं, "मला तेव्हाच संशय होता. तू एस ढापायचास."

खरी मजा २००७ ची. निन्टेंडो डीएसवर 'कॉन्ट्रा ४' आला. आता बनवणाऱ्यांसमोर प्रश्न पडला असणार. निम्म्या दुनियेने बिल-लान्स ऐकलंय, निम्म्या दुनियेने मॅड डॉग-स्कॉर्पियन. खरं कोण? त्यांनी काय करावं? गेममध्ये चार वेगवेगळी माणसं ठेवली. बिल, लान्स, मॅड डॉग आणि स्कॉर्पियन. सोयीसाठी दिलेलं टोपणनाव एकोणीस वर्षांनी उठून उभं राहिलं आणि स्वतंत्र माणूस होऊन मूळ माणसाच्या शेजारी लढायला लागलं.

हे वाचलं तेव्हा मी खूप हसलो होतो. पुढे हसू आलं नाही, त्याचं कारण जुलै २०२४ मधला एक फोन.

रिलीजचा दिवस, डोक्यावर क्लायंट. मोबाइल वाजला, नंबर न बघता उचलला आणि नेहमीच्या आवाजात म्हणालो, "हाय, मॅक हिअर. कॅन आय कॉल यू बॅक?" पलीकडे दोन सेकंद शांतता. मग दादाचा आवाज. "राँग नंबर लागला वाटतं. मला मक्या हवा होता." आणि फोन कट.

परत करायचा होता. रात्री करू म्हटलं, मग शनिवारी करू म्हटलं. पुढच्या आठवड्यात आईने सांगितलं की तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तारीख विचारायलाच दादाने फोन केला होता. मला कधी जमेल, हे विचारायला. ऑपरेशन नीट झालं, दादाने दुकान तीन दिवस बंद ठेवून सगळं केलं. मला कोणी एक शब्द बोललं नाही. तेच जास्त लागलं. आणि पुढचे तीन महिने दादाचा फोन नाही, माझाही नाही. मॅक आणि मक्या ही एकाच माणसाची दोन नावं आहेत, असं मी समजत होतो. साताऱ्यात तोवर दोन माणसं झाली होती, आणि त्यातला एक बरेच दिवस घरी आला नव्हता.

दिवाळीत गेलो. बॅगेत लॅपटॉप, दोन रिमोट आणि त्याच वर्षी मार्चमध्ये आलेला 'कॉन्ट्रा: ऑपरेशन गालुगा'. सॉरी म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. पाडव्याच्या दुपारी टीव्हीला वायर जोडली. दादा पेपर वाचतोय असं दाखवत बसला होता. स्क्रीनवर नावं आली, बिल आणि लान्स. बेट गालुगा. इतक्या भानगडी करून गाडी पुन्हा १९८७ च्या नावांवर आली होती.

"हे कोण?" दादा पेपरमागून म्हणाला.

"आपणच."

तो उठून बसला. माझ्याकडे न बघता हात पुढे केला. मी पहिला रिमोट त्याला दिला. दुसरा माझा. दहाव्या मिनिटाला दोघंही तीनदा मेलो होतो, आई "डोळे फुटतील, आत्ताच माझा एक दुरुस्त केलाय" म्हणून ओरडत होती, आणि दादा शेजारून कोकलत होता, "मक्या, मागे काय करतोयस? ये वर!"

'सुपर मारिओ ६४' या १९९६ च्या गेमची सुरुवात एका पत्राने होते. राजकन्येने मारिओला केक खायला बोलावलंय. अमेरिकेत तोवर तिची मोठी ओळख 'प्रिन्सेस टोडस्टूल' अशी, जपानमध्ये मात्र ती पीच. पत्राखाली नाव आहे प्रिन्सेस टोडस्टूल. आणि खाली सही आहे, पीच. गेमवाल्यांनी काढलेल्या सगळ्या तोडग्यांमध्ये मला हा बेस्ट वाटतो. कागदावर काय हवं ते असू दे, सही घरच्या नावाची.

ऑफिसात मी अजून मॅकच आहे. क्लायंटला पुन्हा खोकायला लावायची इच्छा नाही. फक्त मोबाइल वाजला की आता आधी नंबर बघतो. दादाचा असेल तर मीटिंगमधून बाहेर येतो, दार ओढून घेतो आणि म्हणतो, "हां, मक्या बोलतोय."