तिजोरीची दुसरी किल्ली

२१ जुलै २०२५ची दुपार. आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. एरवी त्या दुपारच्या कधी येत नाहीत. आत या म्हटले तरी आल्या नाहीत. चौकटीला हात धरून एवढेच विचारले, "भाऊजी, मग केलं कोणी?"

टीव्हीवर बातमी चालू होती. ११ जुलै २००६च्या लोकल गाड्यांतील बॉम्बस्फोटांच्या खटल्यात विशेष न्यायालयाने दोषी ठरवलेल्या बाराही जणांना मुंबई उच्च न्यायालयाने निर्दोष ठरवले होते. वहिनींचे यजमान त्या संध्याकाळी पहिल्या वर्गाच्या डब्यात होते.

मला उत्तर देता आले नाही. खरे सांगायचे तर त्या क्षणी मलाही रागच आला होता, आणि तो न्यायालयाचा आला होता.

ती संध्याकाळ मुंबईकराला नव्याने सांगायला नको. मंगळवार होता. साडेसहाच्या सुमारास, अवघ्या अकरा मिनिटांत, पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत सात स्फोट झाले. १८०हून अधिक माणसे गेली. मी शाखेत एका कर्जप्रकरणाच्या कागदांत अडकलो होतो, म्हणून माझी नेहमीची गाडी चुकली. रात्री अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत चालत आलो. फोन लागत नव्हते. रस्त्याच्या कडेला अनोळखी लोक पाणी आणि बिस्किटांचे पुडे घेऊन उभे होते. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर पोलिसाने माझा जेवणाचा डबा उघडायला लावला. मी आनंदाने उघडला. तुमच्या घराची झडती घेतो म्हटले असते तरी मी किल्ली काढून दिली असती. भ्यालेला माणूस असाच वागतो आणि मी चांगलाच भ्यालो होतो. पुढे अटका झाल्या तेव्हा "मिळाले एकदाचे" एवढेच मनात आले. कोण, कशावरून, असे मी विचारले नाही. ताळा जुळल्याखेरीज वहीचे पान न उलटणारा माणूस मी!

आणि मला तर कबुलीजबाब म्हणजे काय चीज असते हे चांगले ठाऊक होते.

१९८८ साली मी एका तालुक्याच्या गावी लहानशा शाखेत होतो. एका संध्याकाळी रोकड पाच हजारांनी कमी भरली. तीनदा मोजली, तीनदा कमी. दुपारी कॅशच्या पिंजऱ्यात चहा घेऊन गेलेला शिपाई तेवढा बाहेरचा. मॅनेजर रजेवर, त्यामुळे फिर्यादीवर सही माझी. संशय कोणावर, या प्रश्नापुढे मी त्या शिपायाचे नाव लिहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी जमादार हसत शाखेत आला. "कबूल झालाय, साहेब." त्या कबुलीत काय नव्हते! पैसे कोणत्या पिशवीत घातले, कितीच्या एसटीने नेले, मेहुण्याच्या गोठ्यात गव्हाणीखाली कुठे पुरले. गव्हाण खणली. काही निघाले नाही. मग त्याने दुसरी जागा सांगितली. तीही खणली.

आठव्या दिवशी बाजारातला एक आडत्या नोटांची गड्डी घेऊन आला. मोठी रक्कम काढली होती, मुनीम घेऊन गेला होता, शेठजी बाहेरगावी. परत येऊन पेटी उघडली तर पन्नासाच्या गड्ड्यांमध्ये एक शंभराची. फरक बरोबर पाच हजार.

शिपाई सुटला, कामावर रुजू झाला. मला कधी एक शब्द बोलला नाही. फक्त त्यानंतर टेबलावर चहा तो डाव्या हाताने ठेवायचा. उजव्या हाताची दोन बोटे मिटत नव्हती. फार दिवसांनी धीर करून मी विचारले, "अरे, जे केलंच नाहीस ते कबूल का केलंस?" तो म्हणाला, "साहेब, ते विचारतील त्याला हो म्हटलं की थांबत होते."

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक हेड कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोन्ही लावल्याशिवाय दार उघडत नाही. यात आपल्यावर अविश्वास दाखवला जातो असे एकाही हेड कॅशियरला वाटलेले मी पाहिले नाही. उद्या गड्डी कमी भरली तर दुसरी किल्ली त्यालाही वाचवते. कायद्यातही अशी दुसरी किल्ली होती. इंग्रजांना आपल्या पोलिसांचा अनुभव असावा. १८७२च्या पुराव्याच्या कायद्यात त्यांनी लिहून ठेवले, की पोलिस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही. कबुली द्यायची तर मॅजिस्ट्रेटपुढे द्या. परक्या राज्यकर्त्यांनी लावलेली ही किल्ली स्वतंत्र भारतात आपण काढून घेतली. टाडामध्ये काढली, पोटामध्ये काढली. हे दोन्ही कायदे गेले, एक १९९५ मध्ये, दुसरा २००४ मध्ये. गुंडांच्या टोळ्यांसाठी १९९९ साली केलेला आपला मकोका मात्र राहिला. त्यात वरिष्ठ पोलिस अधिकाऱ्यापुढची कबुली पुरावा ठरते. रेल्वे स्फोटांचा खटला याच कायद्याखाली चालला.

उच्च न्यायालयाने काय पाहिले? कबुल्यांतला मजकूर ठिकठिकाणी एकसारखा. मारहाण करून त्या घेतल्याची आरोपींची तक्रार खरी वाटावी अशी. टॅक्सीवाल्यांनी आरोपींना ओळखले ते शंभराहून अधिक दिवसांनी. बॉम्ब नेमके कोणत्या प्रकारचे होते, हेसुद्धा सरकार पक्षाला दाखवता आले नाही. आणखी एक गोष्ट माझ्यासारख्या हिशेबनिसाच्या डोक्यातून जात नाही. हे आरोपी तुरुंगात असतानाच, २००८ साली, मुंबईच्या गुन्हे शाखेने दुसऱ्याच एका गटाची माणसे पकडली आणि त्यांतल्या एकाने हे स्फोट आम्ही केले असे सांगितले. पुढे तो फिरला. पण एकाच राज्याच्या पोलिसांकडे एकाच गुन्ह्याच्या दोन कबुल्या! एका चेकवर दोनदा पैसे गेले असते तर त्या रात्री आमच्या शाखेतले कोणी घरी गेले नसते.

राज्य सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ जुलैला त्या न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत आधार म्हणून धरू नये असे सांगितले. सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात पाठवले नाही. बारांपैकी एक जण, फाशीची शिक्षा झालेला, २०२१ मध्येच नागपूरच्या तुरुंगात असताना वारला होता.

इतके लाड केले तर अतिरेक्याला शिक्षा व्हायची कधी, असे म्हणणारे भेटतात. २००८च्या नोव्हेंबरात मीही म्हणत होतो. तुकाराम ओंबळे यांनी अंगावर गोळ्या घेऊन कसाबला जिवंत पकडून दिले, तेव्हा त्याला वकील देऊ नका असे ओरडणाऱ्यांत मी होतो. वकील दिला गेला. त्याने कबुली दिली ती मॅजिस्ट्रेटपुढे. विशेष न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज, असे सगळे दरवाजे ओलांडून २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात त्याला फाशी झाली. चार वर्षेही पुरी झाली नव्हती. त्याच खटल्यातल्या दोन भारतीय आरोपींना मात्र पुरावा नाही म्हणून तिन्ही न्यायालयांनी सोडले.

पोलिसांचे हात बांधा असे मी म्हणत नाही. माझा डबा रोज उघडा. कॅमेरे लावा, खबरे पोसा. स्टेशनवरच्या त्या धातू शोधणाऱ्या चौकटींतून मी कितीदा गेलो आहे. ती पीं करते आणि कोणी मान वर करत नाही. तिथे डोळे उघडे ठेवणारा माणूस उभा करायला पैसे लागतात, शिकवणे लागते. कबुली घ्यायला बंद खोली पुरते.

२००६च्या ऑगस्टमध्ये वहिनींना मीच आमच्या शाखेत घेऊन गेलो होतो. यजमानांच्या मुदत ठेवीवर कोणाचे नाव नेमलेले नव्हते. मग मृत्यूचा दाखला, हमीपत्र आणि वर दोन जामीनदार. नवऱ्याचे पैसे बायकोला द्यायला. मी ओशाळून नियम समजावू लागलो तर त्याच म्हणाल्या, "असू दे भाऊजी. भलत्याच माणसाला गेले असते तर?"

त्या दुपारी दारात मी त्यांना एवढेच सांगू शकलो, की ठाऊक नाही.

"एवढी एकोणीस वर्षं कोणी शोधलंच नाही?"

"सापडले असं समजून थांबले, वहिनी."

त्यांनी मान हलवली. हिने चहाचे विचारले, तर गॅसवर दूध ठेवून आलेय म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या.