एकाचं बुडालं, सगळ्यांनी सोसलं

फोनवर आवाज तुटला की आपण "रेंज नाही" म्हणून मोकळे होतो. पण बऱ्याचदा रेंज असते, फक्त सगळीकडे सारखी नसते!

म्हणजे काय, तर ४जीमध्ये माहिती शेकडो बारीक वाटांवरून एकाच वेळी जाते. २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात अशा १२०० वाटा, प्रत्येक वेगळ्या फ्रिक्वेन्सीची. इमारतींवर आपटून आलेल्या लहरी एकमेकींना मारतात आणि काही वाटा बुडतात. त्यांच्यावर जे होतं ते गेलं.

यावर १९९३ साली एक झकास तोडगा पुढे आला: एमसी-सीडीएमए. समजा, आठ वाटा आणि आठ बिट आहेत. प्रत्येक बिटाला अधिक-उण्यांचा स्वतःचा कोड द्यायचा आणि त्यानुसार तो आठही वाटांवर पसरायचा. पलीकडे त्याच कोडने तो वेगळा काढायचा. आता एक वाट बुडाली तर प्रत्येकाचा आठवा हिस्सा जातो, पूर्ण कोणीच जात नाही. एकत्र कुटुंबात एका भावाचं पीक बुडालं तर झळ सगळ्यांना थोडी थोडी, उपाशी कोणीच नाही. तसंच.

पण एकत्र कुटुंब म्हटलं की कुरबुरी आल्याच. वाटा कमी-जास्त झाल्या की कोड एकमेकांत मिसळतात आणि ते निस्तरायला रिसीव्हरची कसरत वाढते. म्हणून ४जीचं पहिलं रूप २००८ साली पक्कं झालं तेव्हा टॉवरकडून फोनकडे येताना हे पसरवणं घेतलंच नाही, भिस्त ठेवली ती चुका दुरुस्त करणाऱ्या कोडिंगवर. "कल्पना हरली", असं म्हणणारे इथेच थांबतात.

मला हे पटत नाही. कारण फोनकडून टॉवरकडे जाताना पसरवणं राहिलं! अधिक-उण्यांच्या जागी फूरिए रूपांतराचे कोड आले, एवढंच. त्यांनी सिग्नलचे उंच शेंडे कमी होतात, अ‍ॅम्प्लिफायरवरचा ताण आणि बॅटरीचा खर्च वाचतो. ५जीमध्येही टॉवरपासून लांब पडलेल्या फोनसाठी ही सोय ठेवली आहे.

टॉवरकडे भरपूर वीज, आपल्या खिशात इवलीशी बॅटरी. पसरवणं टिकलं ते या दुबळ्या टोकाला. जाहिराती मात्र डाउनलोडच्या वेगाच्या! माझ्या मते कुठलंही नवं तंत्र जोखताना आधी हेच विचारावं: गावाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाचा आवाज पलीकडे पोचतो का?

असो. तुम्हाला काय वाटतं?