स्टीअरिंगचा प्ले मोजणार कोण?

कल्याणच्या बाजार समितीत पहाटे माल उतरवून जुनी पिकअप बाहेर पडते, तेव्हा चालकाच्या हातांकडे पाहावे. गाडी सरळ चाललेली असते, पण स्टीअरिंग सतत डावीकडे-उजवीकडे हलत असते. चाके वळण्याआधी ते चार बोटे मोकळेच फिरते, हे त्या हातांना पाठ झालेले असते. गॅरेजच्या भाषेत हा ‘प्ले’. दहा-बारा वर्षांच्या गाडीला एवढा प्ले असायचाच, असे ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत सगळे धरून चालतात. कित्येक अपघातांची सुरुवात याच समजुतीपासून होऊ शकते.

या ढिलाईला कायद्याने हद्द घातली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ प्रमाणे स्टीअरिंग व्हीलवरचा मोकळा फेर ३० अंशांपेक्षा जास्त असता कामा नये. जोडण्यांच्या बॉल जॉइंटवर रबरी टोप्या हव्यात, बोल्ट नीट जखडलेले हवेत, हेही त्यातच लिहिले आहे. ४० सेंटिमीटर व्यासाच्या स्टीअरिंगवर ३० अंश म्हणजे कडेला जेमतेम साडेदहा सेंटिमीटर. शाळेतल्या पोराच्या फूटपट्टीने मोजता येईल इतके सोपे काम आहे. तरीही ते कोणी करत नाही.

१९८६ मध्ये आलेली टाटा ४०७ आणि त्या काळच्या अनेक मालवाहू गाड्यांत स्टीअरिंग बॉक्सची रचना साधारण एकसारखी असते. दांड्याच्या टोकाला आटे पाडलेला वर्म, त्याच्यावर पोलादी गोळ्यांवरून सरकणारा नट, नटाच्या दात्यांत अडकलेला सेक्टर शाफ्ट आणि त्या शाफ्टला खाली ड्रॉप आर्म. गाडी बहुतेक वेळ सरळच धावते, त्यामुळे झीज होते ती मधल्या दात्यांची. दोन्ही कडांचे दाते जवळपास नव्यासारखे राहतात.

इथेच गॅरेजमधला नेहमीचा उपाय फसतो. बॉक्सच्या झाकणावर एक अ‍ॅडजस्टिंग स्क्रू असतो. ‘प्ले काढून देतो’ म्हणत मेस्त्री तो पिळतो, दोन मिनिटांत स्टीअरिंग घट्ट लागते आणि मालक खूश होतो. पण मधल्या झिजलेल्या दात्यांना घट्ट बसवताना कडेचे धड दाते एकमेकांवर आवळले जातात. मग वळणावर स्टीअरिंग जड होते आणि वळण संपल्यावर आपसूक सरळ येत नाही. शीळ रस्त्यावर डंपरच्या बाजूने जाताना किंवा घोडबंदरला गायमुखच्या घाटात उतरताना असे अडणारे स्टीअरिंग मूळच्या प्लेपेक्षा जास्त धोक्याचे. बारीक फरक काढण्यासाठी तो स्क्रू ठीक आहे, पण झिजून गेलेले लोखंड त्याने परत येत नाही.

अर्थात प्रत्येक प्लेचा दोष बॉक्सवर टाकणेही चूक. एकाने स्टीअरिंग हलवावे आणि दुसऱ्याने खाली बसून ड्रॉप आर्मकडे पाहावे. वर स्टीअरिंग फिरते आणि आर्म जागचा हलत नाही, तर वरच्या दांड्याचे सांधे तपासून बॉक्सवर बोट ठेवावे. आर्म हलतो पण चाके हलत नाहीत, तर टायरॉड एंड किंवा ड्रॅग लिंक गेली. फाटलेल्या रबरी टोपीतून पावसाळ्यातला चिखल आत गेला की हे सांधे पाहता पाहता संपतात. एवढी तपासणी न करता हजारोंचा बॉक्स बदलायला लावणारा मेस्त्रीही मालकाचे नुकसानच करतो.

बॉक्स बदलायचाच ठरला, तर घाई नको. जुना आर्म पुलरने काढावा. हातोड्याचे घाव बॉक्सच्या बेअरिंगवर बसतात. आर्म आणि शाफ्टवर आधी खूण करावी. नवा बॉक्स एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजावेत, निम्मे परत आणावेत आणि त्या मध्यावरच तो जोडावा. बॉक्स उतरला आहे तोवर चॅसीवर त्याच्या बोल्टांभोवती तडा गेला आहे का, हेही पाहावे. शेवटी अलाइनमेंट. भंगारातून आणलेला बॉक्स स्वस्त पडतो, पण त्याचे मधले दाते किती झिजलेत हे बाहेरून दिसत नाही. स्टीअरिंगच्या बाबतीत ही काटकसर परवडणारी नाही.

खर्चाचा प्रश्न खराच आहे. वागळे इस्टेट किंवा डोंबिवली एमआयडीसीत भाड्याने माल वाहणाऱ्या एका गाडीच्या मालकासाठी दोन दिवस गाडी उभी राहणे म्हणजे हप्ता चुकण्याची भीती. गाडी दुसऱ्याची असेल तर चालकाची अडचण आणखी वाढते. स्टीअरिंग त्याच्या हातात, पण दुरुस्तीचा निर्णय त्याच्या हातात नाही. ‘स्टीअरिंग खेळतंय’ असे तो महिनोन्‌महिने सांगत राहतो. त्यात आपल्या शहरांतले खड्डे. २०१८ च्या पावसाळ्यात कल्याणच्या खड्ड्यांनी माणसांचे बळी घेतले. त्याच खड्ड्यांचा प्रत्येक दणका चाकातून, लिंकमधून बॉक्सच्या दात्यांपर्यंत पोहोचतो. रस्ते धड ठेवण्याची महापालिकांची जबाबदारी यातून सुटत नाही.

आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. म्हणजे प्ले मोजण्याची संधी वर्षातून एकदा सरकारच्या हाती येतेच. ठाणे आणि कल्याणच्या परिवहन कार्यालयांनी त्या तपासणीत प्ले किती अंश भरला, तो आकडा कागदावर लिहावा. नुसते ‘ठीक’ पुरेसे नाही. आकडा लिहिला की मागच्या वर्षीचा १५ आणि यंदाचा २५ शेजारी-शेजारी दिसतील आणि चालकालाही मालकापुढे ठेवायला कागद मिळेल.

मालकांनी मात्र त्या दिवसाची वाट पाहू नये. उद्या सकाळी गाडी काढण्याआधी चाके सरळ ठेवा, पॉवर स्टीअरिंग असेल तर इंजिन चालू करा, स्टीअरिंगच्या कडेला फूटपट्टी धरा आणि चाके हलायला लागेपर्यंत किती सेंटिमीटर मोकळे फिरते ते मोजा.