दगडाच्या इतिहासात हरवलेले लोखंड

१/ बीबी-का-मकबऱ्याविषयी लिहिणारा सहसा पहिल्याच वाक्यात त्याला ‘गरिबांचा ताज’ म्हणतो आणि दुसऱ्या वाक्यात संगमरवर कमी पडल्याबद्दल हळहळतो. ज्या दरवाज्यातून तो आत गेला, त्याकडे मात्र त्याने पाहिलेले नसते. त्या लाकडी दरवाज्यावर पितळी पत्रा मढवलेला असून त्यावर वेलबुट्टीचे काम आहे. वास्तू कोणी रचली आणि कोणी उभारली, हे सांगणारा लेखही दरवाज्यावरच आहे : वास्तुरचनाकार अताउल्ला आणि स्थापत्य सांभाळणारा हंसपतराय.

२/ दिलरासबानू बेगम १६५७ मध्ये वारली. मकबरा १६६०-६१ च्या सुमारास पूर्ण झाला. श्रेय सवयीने राजपुत्र आझमशहाला दिले जाते. आझमशहाचा जन्म १६५३ चा. म्हणजे ‘मुलाने आईसाठी बांधलेला ताज’ पूर्ण होताना तो मुलगा फार तर आठ वर्षांचा होता! दरवाजा खरे नाव सांगतो, आणि फलकांवरील इतिहास मात्र राजपुत्रांवर थांबतो.

३/ अताउल्ला हा उस्ताद अहमद लाहोरी यांचा मुलगा. भास्कराचार्यांच्या बीजगणिताचा फारसी अनुवाद त्याने १६३४-३५ मध्ये केला होता. कन्नडच्या घाटाखाली पाटणादेवीला ज्या भास्कराचार्यांचे नाव अभिमानाने घेतले जाते, तेच हे. संगमरवराची मोजदाद करणाऱ्या लेखनात या माणसाला एक ओळही मिळत नाही.

४/ हा केवळ मकबऱ्यापुरता प्रश्न नाही. छत्रपती संभाजीनगरची ओळख दरवाज्यांचे शहर अशी. पण ‘दरवाजा’ म्हणताना सर्वांच्या डोळ्यांपुढे दगडी कमानच येते. मलिक अंबरचा भडकल दरवाजा, दिल्ली दरवाजा, पैठण दरवाजा, मकाई दरवाजा यांच्या कमानींची उंची, बुरूज, शैली यांवर भरपूर लिहिले जाते. कमान मात्र काही अडवत नाही. अडवते ती झडप, आणि झडपेला झडप बनवते ते लोखंड : पट्ट्या, खिळे, कड्या, कोयंडे, साखळ्या, अडसराची कोंडाळी.

५/ येथे ‘हत्तीसाठी खिळे’ हा लाडका किस्सा हमखास पुढे येतो. तो खोटा नाही. दौलताबादच्या महाकोटाच्या दारांवरील अणकुचीदार खिळे आणि पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावरील ८ बाय ९ अशा रांगांत बसवलेले ७२ खिळे हत्तीच्या धडकेसाठीच होते. पण तेवढे सांगून थांबणारा दाराची पुढची बाजूच पाहतो. मोठी झडप ही उभ्या फळ्या आणि मागच्या आडव्या पट्ट्या यांची जोडणी असते. लांब खिळा पुढून ठोकून मागे बाहेर काढायचा आणि त्याचे टोक वाकवून लाकडात परत बसवायचे. त्यामुळे फळी निसटत नाही. पुढे उरतो तो खिळ्याचा माथा. पट्ट्या समान अंतरावर, म्हणून माथ्यांच्याही सरळ रांगा. मग लोहार त्या माथ्याला घुमटाकार करतो, पाकळ्या पाडतो, खाली पितळी चकती घालतो. नक्षी येथे वरून चिकटवलेली नाही. ती जोडणीचीच दृश्य बाजू आहे.

६/ दख्खनच्या धातुकारांना शोभा आणि काम यांची फारकत मान्य नव्हती, याचा पुरावा दौलताबादवरच आहे. तेथील मेंढा तोफेचे मागचे टोक मेंढ्याच्या मस्तकासारखे घडवले आहे. गोळा त्यामुळे एक हातही पुढे जात नाही.

७/ आता दुसरे अर्धसत्य : ‘सजावटीचे लोखंडकाम ही इंग्रजांची देणगी.’ देणगी होती ती ओतीव लोखंडाची. ओतीव लोखंडात कार्बन साधारण २ ते ४ टक्के. ते वितळवून साच्यात ओततात. दाब उत्तम सोसते, ताण वा धक्का बसला तर तडकते. घडीव लोखंडात कार्बन नाममात्र. ते तापवून, घणाखाली ऐरणीवर ठोकून आकार घेते आणि वाकते. दाराच्या खिळ्याचे टोक वाकवायचे, तर ओतीव लोखंड निरुपयोगी.

८/ एकोणिसाव्या शतकात ओतीव लोखंडाने जग व्यापले हे खरेच. मुंबईचे वॉटसन हॉटेल १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये घडवून सुट्या भागांत आणले गेले. म्हैसूरच्या राजवाड्यात ग्लासगोच्या सॅरासेन फाउंड्रीचे खांब लागले. कॅटलॉगमधून क्रमांक निवडायचा, माल बोटीने यायचा. हे काम देखणे आहे, त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. आक्षेप एवढाच, की कॅटलॉगात मिळते तीच ‘रचना’ आणि गावचा लोहार करतो ती ‘जुजबी कारागिरी’, हा भेद इतिहासकारांनी मुकाट्याने स्वीकारला.

९/ औरंगाबाद ज्या निजामी राज्यात होते, त्याच राज्यातील कोनासमुद्रमचे मुशीतील पोलाद विकत घ्यायला इराणचे व्यापारी येत. ते पोलाद तलवारींसाठी होते, दारांसाठी नव्हे. दोहोंची गल्लत करून अभिमानाचे फुगे फुगवू नयेत. पण धातूचे इतके सूक्ष्म ज्ञान असलेल्या प्रदेशाला नक्षीदार लोखंड बोटीवरून आलेल्यांनी शिकवले, हे म्हणायला पुरावा लागतो. तो कोणी देत नाही.

१०/ या दुर्लक्षाची किंमत मोजली जात आहे. जुना वाडा पडतो तेव्हा सागवान वेगळे काढले जाते, कोरीव चौकट दिवाणखान्याच्या शोभेसाठी विकली जाते, आणि कड्या, कोयंडे, खिळे भंगाराच्या काट्यावर किलोने जातात. दगडाची नोंद होते, लाकडाला भाव येतो. लोखंडाचे फक्त वजन होते. जे उरते त्यावर जाड ऑइलपेंट चढतो. रंगाच्या थरांखाली घणाचे घाव बुजतात, आणि घडीव काय, ओतीव काय, सारे सारखेच दिसू लागते.

११/ वारसायादीत इमारत येते, तिची बिजागरी येत नाही. म्हणून जुन्या पेठांत भटकणाऱ्यांनी कमानीची आणखी एक छायाचित्रे काढण्याऐवजी झडप टिपावी : खिळ्यांच्या रांगा मोजाव्यात, दोन माथ्यांतले अंतर घ्यावे, कडीची जाडी नोंदवावी, घरमालकाला विचारून दिंडीचा कोयंडाही पाहावा. दार उघडे असेल तर आत जाऊन मागची बाजूही टिपावी; वाकवलेले टोक तिकडेच असते.