पंप दिला, पण ओढायला शिकवलं का?

डॉक्टरांनी दम्याचा पंप लिहून दिला की घरात पहिली शंका निघते, ‘याची सवय लागते म्हणे!’ मग पंप कपाटात आणि गोळ्या सुरू. साल्बुटामॉल या दम्याच्या औषधाच्या एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम औषध असतं, तर एका गोळीत चक्क 4 मिलिग्रॅम, म्हणजे 40 पट. तरी भीती पंपाचीच.

औषध थेट छातीत पोचवण्याची धडपड जुनी आहे. आपल्याकडचा धोतऱ्याचा धूर 1802 च्या सुमारास मद्रासहून ब्रिटनमध्ये गेला आणि पुढे तिथे दम्याच्या सिगारेटी विकल्या गेल्या. पण आजचा पंप जन्मला तो एका मुलीच्या प्रश्नातून. 1955 साली अमेरिकेतल्या रायकर लॅबोरेटरीजचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या 13 वर्षांच्या दमेकरी मुलीने विचारलं, हेअरस्प्रेसारखं माझं औषध डब्यातून का येत नाही? तोवर तिच्या हाती होता रबरी फुगा दाबायचा, नाजूक काचेचा नेब्युलायझर. वर्षभरात, 1956 मध्ये, मोजून फवारा देणारा पंप बाजारात आला.

अडचण एकच राहिली. फवारा सुटतो क्षणात, श्वास त्याच क्षणी सुरू व्हावा लागतो. तो चुकला की औषध घशातच बसतं. यावर तोडगा काढला रॉजर अल्टुनियन यांनी. ते स्वतः दमेकरी, दुसऱ्या महायुद्धातले वैमानिक. त्यांच्या स्पिनहेलरमध्ये कॅप्सूल टोचली जाई आणि ओढलेल्या श्वासानेच आतला छोटा पंखा फिरून भुकटी उडे. आपल्याकडचा रोटाहेलरही श्वासावरच चालतो.

आणि इथेच आपली व्यवस्था पेशंटला वाऱ्यावर सोडते. फवाऱ्याचा पंप सावकाश ओढायचा, भुकटीचा जोरात, आणि दोन्हींनंतर 10 सेकंद श्वास रोखायचा. हे किती जणांना कुणी करून दाखवलं? रोटाहेलरची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे पेशंट डॉक्टरांना आजही भेटतात. मला याचा राग येतो, कारण दोष पेशंटचा नाही. ओपीडीत आणि मेडिकलच्या काउंटरवर पहिला डोस समोर घ्यायला लावणं सक्तीचं हवं.

फवारा आणि श्वास यांची वेळ जुळवणं लहान मुलांना जमत नाही, म्हणून त्यांना पंपासोबत स्पेसर, म्हणजे फवारा धरून ठेवणारी पोकळ नळी, लागतो. तो परवडत नसेल तर 500 मिलिलिटरची प्लॅस्टिकची बाटली चालते, हे केपटाउनच्या डॉक्टरांनी 1999 मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलंय. बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक, बस्स. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ही बाटली बनवायला शिकवायला कसली वाट पाहायची?