अडविणारा आणि शिकविणारा

फुटबॉलचा सामना पाहून घरीं परतणारे लोक वाटेनें कोणाचें नांव घेत असतात, इकडे वाचकांनीं एकदां कान द्यावा. ज्यानें गोल केला त्याचें नांव प्रत्येकाच्या ओठांवर असतें. ज्यानें नव्वद मिनिटें प्रतिपक्षाची वाट अडवून धरली, त्याची आठवण बहुधा कोणास होत नाहीं. झालीच तर त्याच्या हातून एखादी चूक घडली असेल तेव्हांच होते. ही रीत खेळापुरतीच असती तर आम्हीं लेखणी उचलली नसती. परंतु घरांत आणि वर्गांतही हीच रीत चालते. जें मूल चटकन् चमकतें त्याचें कौतुक होतें. जें सावकाश पण पक्कें शिकतें तें मागें राहतें. ही रीत चुकीची आहे असें आमचें स्पष्ट मत आहे, आणि त्याच्या समर्थनार्थ इंग्लंडच्या बचावाच्या फळींतील प्रसिद्ध खेळाडू जॅक चार्लटन याची हकीकत आम्ही येथें देत आहों.

जॅकचा जन्म ८ मे १९३५ रोजीं इंग्लंडच्या उत्तरेकडील ॲशिंग्टन या कोळशाच्या खाणींच्या गांवीं झाला. बाप खाणींत काम करी. पुढें १९६६ सालीं जॅक आणि त्याचा पाठचा भाऊ बॉबी हे दोघे जागतिक चषकाचा उपांत्य सामना खेळत असतां हा बाप आपली पाळी भरण्यास खाणींत उतरला होता, एवढें सांगितलें म्हणजे त्या घरची राहणी ध्यानांत येईल. आजोळ मात्र फुटबॉलचें. आईचे चार भाऊ या खेळावरच पोट भरणारे होते.

बॉबी जॅकहून सुमारें अडीच वर्षांनीं लहान. त्याच्या पायांत उपजत जादू होती. पंधराव्या वर्षीं मँचेस्टर युनायटेड या नामांकित संघानें त्याला उचललें आणि विसाव्या वर्षीं तो इंग्लंडच्या संघांत दाखल झाला. थोरल्याची गोष्ट निराळी. शाळा सुटल्यावर तोही खाणींत उतरला. पण तें जिणें त्याला मानवलें नाहीं, म्हणून त्यानें पोलीस खात्याकडे अर्ज केला. त्या खात्याची मुलाखत आणि लीड्स युनायटेड संघाकडील परीक्षेचा सामना नेमके एकाच वेळीं आले. त्यानें मैदानाची वाट धरली. १९५३ सालीं तो लीड्सच्या मुख्य संघांतून प्रथम खेळला खरा, परंतु पुढें कित्येक वर्षें हट्टी आणि भांडखोर असाच त्याचा लौकिक होता. धाकटा देशाचा लाडका झाला होता, आणि थोरला दुसऱ्या श्रेणीच्या संघांत अडून पडला होता.

१९६१ सालीं डॉन रेव्ही हा लीड्सचा मॅनेजर झाला आणि त्यानें सर्व संघासच शिस्त लावली. जॅकनेंही आपलें मन कामांत घातलें. मुख्य म्हणजे, खेळाडू असतांनाच त्यानें लिलेशॉल येथील शिक्षणवर्गांस जाऊन फुटबॉल शिकविण्याची विद्या संपादन केली. १९६४ सालीं लीड्सचा संघ पहिल्या श्रेणींत चढला, आणि एप्रिल १९६५ मध्यें, वयाची तिशी गांठतां गांठतां, जॅकला इंग्लंडचें बोलावणें आलें. मॅनेजर आल्फ रॅम्सी यास त्यानें आपल्या निवडीचें कारण विचारलें, तेव्हां आपण सर्वांत उत्तम खेळाडू निवडतोंच असें नाहीं, तर आपल्या रचनेंत चपखल बसणारे निवडतों, अशा अर्थाचें उत्तर मिळालें, असें तो पुढें हंसत सांगे. ३० जुलै १९६६ रोजीं वेंब्ले येथें पश्चिम जर्मनीवर ४-२ असा जय मिळवून इंग्लंडनें जागतिक चषक जिंकला, तेव्हां दोघे भाऊ एकाच संघांत उभे होते. लीड्ससाठीं जॅक एकंदर ७७३ सामने खेळला. बॉबीच्या नांवावर इंग्लंडतर्फे १०६ सामने व ४९ गोल आहेत. जॅकच्या नांवावर ३५ सामने व ६ गोल. येथेंच हिशेब संपता तर धाकटा श्रेष्ठ ठरता.

परंतु हिशेब येथें संपत नाहीं. १९७३ सालीं दोघेही निवृत्त झाले आणि दोघांनींही दुसऱ्या श्रेणींतील संघ शिकविण्यास घेतले. बॉबीचा प्रेस्टन संघ पहिल्याच वर्षीं खालच्या श्रेणींत उतरला. जॅकचा मिडल्सब्रो संघ त्याच वर्षीं त्याच श्रेणींत पहिला आला, तोही दुसऱ्या क्रमांकास पंधरा गुणांनीं मागें टाकून. आणि त्या काळीं एका विजयास दोनच गुण मिळत! असें कां व्हावें? आमच्या मतें याचें कारण बचावाच्या कामांतच आहे. ज्याला विद्या जन्मतःच मिळाली त्याला ती कशी आली हें सांगतां येत नाहीं. ज्यानें ती पायरी पायरीनें मिळविली त्याला प्रत्येक पायरी ठाऊक असते. शिवाय मागें उभा राहणाराच्या डोळ्यांसमोर सारें मैदान असतें. कोण कोठें चुकला, कोणती जागा मोकळी राहिली, हें तो प्रथम पाहतो आणि ओरडून सांगतो. अर्धें शिक्षकाचें काम तो खेळतां खेळतांच करीत असतो.

याची खरी प्रचीति आयर्लंडमध्यें आली. १९८६ सालीं जॅक त्या देशाच्या संघाचा मॅनेजर झाला. तोंवर आयर्लंडला कोणत्याही मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरींत प्रवेश मिळाला नव्हता. जॅकनें युक्ति योजिली ती बचाव करणाराच्या अनुभवांतून. पाठ फिरवून स्वतःच्या गोलाकडे धांवावें लागणें याहून बॅकला नकोसें दुसरें कांहीं नसतें. म्हणून चेंडू प्रतिपक्षाच्या बॅकच्या पाठीमागें टाकावयाचा आणि त्यास वळून सांवरण्यास सवड मिळूं द्यावयाची नाहीं, एवढाच त्याचा मंत्र. १२ जून १९८८ रोजीं स्टुटगार्ट येथें याच आयर्लंडनें इंग्लंडला १-० असें हरविलें. १९९० च्या जागतिक स्पर्धेंत हा छोटासा देश उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोंचला. पांच सामन्यांत त्यांनीं गोल केले दोन आणि होऊं दिले अवघे तीन. १९९४ सालीं अमेरिकेंत त्यांनीं इटलीस हरविलें. तोच इटली पुढें अंतिम सामन्यांत खेळला. १९७७ सालीं इंग्लंडच्या मॅनेजरच्या जागेसाठीं जॅकनें अर्ज केला होता, त्यास साधें उत्तरही आलें नव्हतें. आयर्लंडनें मात्र १९९६ सालीं या इंग्रजास सन्मानपूर्वक आपलें नागरिकत्व दिलें.

याच्या उलट बाजूही आहे, आणि ती झांकणें योग्य नव्हे. जॅकच्या संघाचा खेळ डोळ्यांस सुखविणारा नव्हता, असा आक्षेप जाणते लोक घेत, व त्यांत तथ्य आहे. नाजूक खेळाच्या गुणी माणसांस त्या रचनेंत वाव थोडा मिळे. डेव्हिड ओलिअरी हा कसलेला बॅक एका दौऱ्यावर येऊं शकला नाहीं, म्हणून जॅकनें त्यास दोन वर्षांहून अधिक काळ बाहेर ठेविलें. पुढें १९९० सालीं जिनोआ येथें रुमानियाविरुद्ध निर्णायक पेनल्टी मारून देशाची लाज राखली ती याच ओलिअरीनें! गुरूचा हट्ट शिष्यास महाग पडूं शकतो, हा धडा शिकविणारांनीं यांतून घ्यावा. तथापि, शोभा कमी म्हणून त्या कार्याचें मोल कमी होत नाहीं. लहान देशास आपण थोरांपुढें उभे राहूं शकतों हा विश्वास देणें, ही गोष्ट सामान्य नव्हे.

जॅक १० जुलै २०२० रोजीं, वयाच्या ८५ व्या वर्षीं निवर्तला. त्याच्या चरित्रावरून आम्हांस दोन शब्द सांगावयाचे आहेत. विद्यार्थिमित्रांनो, कप्तान तुम्हांस मागें उभें करील तेव्हां रुसूं नका. तेथून सारा खेळ दिसतो. तो नीट पाहा आणि जें दिसेल तें सोबत्यांस सांगावयास शिका. आणि पालकहो, दोन भावंडांस एका मापानें मोजूं नका. धाकट्याचें प्रगतिपत्रक थोरल्यापुढें धरून त्यास हिणवूं नका. एखाद्या मुलाचा दिवस विसाव्या वर्षीं उगवतो, एखाद्याचा तिसाव्या. तोंवर त्याच्या हातचें काम सुटूं नये आणि मन खचूं नये, एवढी काळजी घेणें आपल्या हातीं आहे. ती आपण घ्यावी, हीच आमची विनंति.